जरीच्या नाड्यांचे बूट

सुरतेत, नवागामला आमच्या गल्लीत कोण घरी आहे आणि कोण पाळीवर गेलंय हे विचारायला दार वाजवावं लागायचं नाही. दाराबाहेरच्या चपला बघितल्या की कळायचं. निळ्या पट्ट्याच्या, टाचेकडे झिजून पातळ झालेल्या स्लिपरा म्हणजे आमचे आप्पा. अंगठ्याजवळ सेफ्टीपिन लावलेल्या त्या मायच्या. आणि सगळ्यांपासून एक वीत लांब, भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या काळ्या वहाणा फुईच्या. फुई म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर अमळनेरकडून आमच्याकडे आली ती कायमचीच, आणि आल्या दिवसापासून घरात तिचाच शब्द चालायचा. माझी मोठी बहीण लग्न होऊन गेली होती, तरी खोलीत आम्ही चौघं. झोपलो की पाय लांब करायचे कुठे हा रोजचा प्रश्न. अशा घरात चपलांना आत जागा कुठली?

आप्पा काठपट्टीच्या खात्यात होते. मागाच्या कारखान्याला सुरतेत खातं म्हणतात. साडीला लावायची जरीची अरुंद पट्टी तिथे विणायचे, लाल, हिरवी, राणी रंगाची. बारा तासांची पाळी. त्या खडखडाटात उभं राहून राहून आप्पांना कमी ऐकू यायला लागलं होतं. ते एकटेच नव्हते, आमच्या गल्लीतले सगळे पुरुष घरीही ओरडूनच बोलायचे. पाहुण्यांना वाटायचं भांडण चाललंय. खात्यात कामाला उभे राहिले की सगळे अनवाणी. चपला दारात काढायच्या आणि आत शिरायचं. मी लहान असताना मला वाटायचं, देवळासारखं असेल. एकदा आप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पायले मशीन कळस. बूट घाल्यात का पाय बहिरा व्हई जास." कान गेले होते, त्यामुळे मागाचं दुखणंखुपणं ते तळव्यानं ऐकायचे. फरशीतून येणारा हादरा जरा बदलला की मान वर न करता योग्य मागाकडे जायचे. त्याचा त्यांना अभिमान होता. आणि मला, खरं सांगते, त्याची लाज वाटायची.

लाज वाटायला कारण होतं. सातवीपर्यंत मराठी शाळेत सगळे आपल्यासारखेच. आठवीपासून गुजराती हायस्कूल, उधन्याच्या बाजूला. तिथे मी "पेली मराठण", म्हणजे ती मराठी पोरगी. सुट्टीत गावी जावं तर तिथल्या पोरी म्हणायच्या, आली सुरतवाली. मी बोलताना मध्येच गुजराती "छे" तोंडात यायचं, की हसायच्या. म्हणजे इथेही परकी आणि तिथेही. डब्यात माय कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा द्यायची. माझ्या बाकावरची हेतल नाक मुरडायची नाही, पण तिच्या डब्यातला थेपला माझ्या भाकरीपासून जरा सरकवून घ्यायची. ते मला नाक मुरडण्यापेक्षा जास्त लागायचं. शनिवारी पी.टी. असायची. त्या दिवशी हेतल आणि तिच्या मैत्रिणी स्पोर्ट्‌स शूज घालून यायच्या, जाड तळव्याचे, चालताना टाच उचलल्यासारखे. मी, आणि आमच्या गल्लीतल्या अजून दोघी, रबरी स्लिपरांत. पी.टी.च्या बाई म्हणायच्या, चप्पलवाल्या मागे उभ्या राहा. धावताना स्लिपर निसटते म्हणून त्या म्हणत असतील. मला मात्र ते वेगळंच ऐकू यायचं.

तसल्या बुटांना आता स्नीकर्स म्हणतात. माझ्या बहिणीची नात परवा फोनवर जोडा दाखवत होती, एक बूट पिवळा, दुसरा जांभळा. मी म्हटलं, चुकून वेगळे आलेत का गं? तर म्हणते, "आजी, तुला नाही कळणार. शूज बघून माणूस कळतो." मला कळणार नाही म्हणे. हल्ली मी बोलायला लागले की लोक घड्याळ बघतात, म्हणून हे लिहायला घेतलं.

तर नववीच्या आधीच्या सुट्टीत मी ठरवलं की बूट घ्यायचेच. तेव्हा बायका घरोघरी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम घ्यायच्या. महिनाभर मी खिडकीखाली बसून धागे कापले. माय ज्वारीचे बिबडे वाळत घालायला गच्चीवर बोलवायची तरी गेले नाही. बोटाला कात्रीचा घट्टा पडला, तो अजून हाताला लागतो. शाळा उघडायच्या आत मायला घेऊन पर्वत पाटियाच्या बाजारात गेले आणि रस्त्यावरच्या दुकानातून बूट घेतले. पांढरे, बाजूला लाल पट्टा, घोट्यापर्यंत येणारे. मुलींच्या पायाचे नव्हतेच, मुलांचे घेतले. पुढे कापूस कोंबला. दुकानदारानं खोका दिला, तोही मी सोडला नाही. घरी आल्याबरोबर पहिलं काम केलं ते हे की नाड्यांखाली बुटाची जी जीभ असते तिच्यावर बॉलपेननं लिहिलं, रत्ना. मराठीत. दोन्ही बुटांवर. माझ्या नावाचं जगात दुसरं काही नव्हतं. पुस्तकं बहिणीची, फ्रॉक बहिणीचे, वह्यासुद्धा तिच्या उरलेल्या पानांच्या शिवलेल्या.

फुईनं बूट उलटेपालटे करून बघितले. "ह्या ते आंडोरसना बूट शेतस. पोरनी जात तू, तुले हाई शोभस का?"

"शोभस," मी म्हटलं.

"उचलली जीभ, लावली टाळाले," फुई म्हणाली आणि बूट दाराबाहेर नेऊन ठेवले. तिच्या वहाणांपासून दोन वीत लांब. गल्लीतली पोरं मला "बूटवाली" म्हणायला लागली. पंजाबी ड्रेस, दोन वेण्या, रिबिनी आणि खाली ते बोजड बूट, म्हणजे दिसायचं ते ध्यानच. पण शनिवारी मी पुढच्या रांगेत उभी राहिले.

पुढच्या रांगेत उभं राहिलं म्हणून कोणी आपलं होत नाही, हे कळायला दोन शनिवार पुरले. हेतल म्हणाली, "मारा जेवाज लीधा," म्हणजे माझ्यासारखेच घेतलेस. ती चांगुलपणानंच म्हणाली. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढा आटापिटा करून मी काय कमावलं, तर हेतलची नक्कल.

श्रावणात कानबाई बसली. आमच्या खान्देशी लोकांचा तो सर्वांत मोठा सण, सुरतेत तर गल्लीगल्लीत असतो. नारळाला डोळे लावून, साडी नेसवून देवी बसवायची, घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, त्याचे रोट करायचे, रात्रभर गाणी म्हणायची. आप्पा दरवर्षी कानबाईच्या साडीसाठी खात्यातून पट्टी आणायचे. मालकाला सांगून, स्वतःच्या मागावर, स्वतः उभं राहून विणलेली. त्या वर्षीची लाल होती, मधून सोनेरी जर, कडेला बारीक हिरवे दाणे. माय ती साडीला लावत होती आणि शेवटी दोन हात तुकडा उरला. मी मागितला. मायनं दिला, केसांना बांधेन असं तिला वाटलं असेल. विसर्जन झालं, घर रिकामं रिकामं झालं, आणि त्या दुपारी मी तो तुकडा मधोमध उभा कापला, कडा दुमडून शिवल्या, टोकांना मेणबत्तीचं मेण लावलं आणि बुटांतल्या पांढऱ्या नाड्या काढून त्याच्या नाड्या ओवल्या.

अपमान करायचा माझ्या मनात नव्हता. उलट आमच्या घरात जे सर्वांत सुंदर होतं ते मी घेतलं होतं. हे मी तेव्हा कोणाला सांगू शकले नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

शाळेत मात्र गंमत झाली. हेतल खाली वाकली आणि तिनं नाडी हातात घेतली. "आ क्यांथी लावी?" कुठून आणलीस, म्हणून विचारलं.

"माझे आप्पा बनवतात," मी म्हटलं. गुजरातीत म्हटलं, पण मान वर करून म्हटलं. आप्पा काय करतात हे त्या शाळेत मी पहिल्यांदा आपण होऊन सांगितलं. आठवड्याभरात चार पोरींना तशा नाड्या हव्या झाल्या. आप्पांना विचारलं तर त्यांनी खात्यातली फेकायची टोकं आणून दिली, आणि जाता जाता माझ्या बुटाकडे बघून म्हणाले, "बरी दिखस." बस्स, एवढंच. दोन रात्री मी तेच मनात घोळवत झोपले. हेतल आता डबा सरकवायची नाही. भादव्यातला तो पंधरवडा आठवला की अजून बरं वाटतं. पंधरवडाच तो, त्याहून जास्त टिकला नाही.

एका दुपारी दोन माणसं आप्पांना रिक्षातून घेऊन आली. मागावर नवा बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला लोखंडी रूळ, चढवताना तो हातातून सुटला आणि उजव्या पायावर पडला. अनवाणी पायावर. तीन बोटं आणि वरचं हाड. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मालकानं पाठवलेला माणूस म्हणाला, पाय आहे हे नशीब. आप्पा खाटेवर बसून प्लास्टरमधून बाहेर डोकावणाऱ्या अंगठ्याकडे बघत राहायचे. दिवसाउजेडी आप्पा घरात, हे आम्हाला कोणालाच सवयीचं नव्हतं. खाताना भाकरी मोडायचा आवाज यायचा.

दुसऱ्या दिवशी फुई दाराबाहेर गेली, माझा एक बूट उचलून आत आली आणि आप्पांसमोर धरला. आत आणायचं नाही म्हणून जो नियम तिचा होता तो तिनंच मोडला.

"जे कानबाईना आंगवर, ते हिनं पायमां बांधं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आते भोगी कोन ऱ्हायना? मना भाऊ भोगी ऱ्हायना."

मला रडू आलं नाही, संतापच आला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली तर दोष कावळ्याला? मी म्हटलं, आप्पांच्या पायात बूट असते तर बोटं वाचली असती. आमच्या सबंध घरात पायाला काही होऊ नये असं एकटीच वागत होते ती मी, आणि दोष माझ्या पायाला. फुई म्हणाली, शनी बसलाय घरावर. माय चुलीसमोर पाठ करून बसली होती, ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे तिला पटलं नाही असं मी समजले. चुकले.

शनिवारी सकाळी वेणी घालून, पी.टी.चा ड्रेस चढवून दारात आले तर बूट नाहीत. भिंतीपाशी फक्त पावसात कोरडे राहिलेले दोन लांबट डाग. तेवढ्यात माय गल्लीतून येताना दिसली. अनवाणी, पाय चिखलानं भरलेले. घरावरची पनोती जावी म्हणून शनिवारी शनीच्या देवळात वहाण सोडून यायची, अनवाणी परतायचं आणि मागे बघायचं नाही, ही पद्धत आमच्याकडे आहे, गुजराती लोकांतही आहे. पण लोक झिजलेल्या चपला सोडतात. चार महिन्यांचे बूट कोणी सोडत नाही.

"सोडी उनू," माय म्हणाली. दाराशी ठेवलेल्या तांब्यानं ती पाय धुऊ लागली. "मांगे फिरीसन देखं बी नही."

"माले इचारं का कोन्ही?" मी ओरडले.

मायनं पाय चोळून चोळून धुतले. फुई देवासमोर होती, तिनं मान वळवली नाही. मी आप्पांकडे बघितलं. ज्यांनी बरी दिखस म्हटलं होतं, त्यांच्याकडे. त्यांना नीट ऐकू जावं म्हणून मी खाटेजवळ जाऊन, तोंडासमोर तोंड करून म्हटलं, "आप्पा, तुम्ही सांगा. तुमचा पाय माझ्या बुटांनी मोडला?"

त्यांनी ऐकलं. ऐकलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. ते प्लास्टरवरून हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "जाऊ दे, रत्नी."

आज आप्पांच्या तेव्हाच्या वयाच्याही पुढे मी गेलेय आणि तो हात मला दिसतो. पायाची खात्री नाही, कामाची खात्री नाही, अशा माणसाला बायको आणि बहीण सांगतात की एक इलाज आहे, तर तो काय म्हणणार? हे सगळं मला कळतं. कळून राग जातो असं जे म्हणतात त्यांच्या रागात दम नसतो.

मी तशीच पळत सुटले. देवळापर्यंत अर्धा तास चालायचं अंतर, चिखल, खडी, ट्रकांची ये-जा. पायाला काय काय टोचलं ते घरी आल्यावर कळलं. देवळाबाहेर पिंपळाच्या पाराशी सोडलेल्या वहाणांचा ढीग होता. स्लिपरा, तुटके सँडल, एक पाय असलेली मोजडी. माझे बूट नव्हते. मी हातानं ढीग उपसत होते तेव्हा पलीकडून आवाज आला, "काय हुडकायलीस गं पोरी?"

समोर इमारतीचं काम चाललं होतं. वाळूच्या ढिगावर एक बाई बसली होती, डोक्यावर चुंबळ, शेजारी घमेलं. बोलण्यावरून मराठवाड्याची. लुगडं पोटरीपर्यंत खोचलेलं आणि पायात माझे बूट. नाड्या तिनं बांधल्या नव्हत्या, बांधता येत नसाव्यात. लाल-सोनेरी टोकं सिमेंटमध्ये लोळत होती.

मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "हितंच पडले व्हते. शनीचे हायेत, ठाव हाय मला."

"पनोती लागते," मी म्हटलं. माझ्या तोंडून फुईच बोलली.

"लागू दे. माज्या वाट्याला आनिक काय यायचं ऱ्हायलंय?" ती हसली. मग एक बूट काढून तिनं पाय वर करून दाखवला. तळवा सिमेंटनं खाल्लेला, बोटांच्या बेचक्यांत लाल लाल भेगा. "ह्यो बघ. आज पयल्यांदा झोंबंना." माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू गेलं. "तुजे हायेत का? तुजे असतील तर घे बाई. उगं कुनाचं कशाला."

बूट तिनं पुढे केला. माझ्यापासून एक हातभर अंतरावर होता. मला फक्त हो म्हणायचं होतं.

सकाळी मी फुईला सुनावलं होतं की असलं काही नसतं. विज्ञानाच्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त मार्क होते. आणि तिथे उभी राहून मला दिसलं ते एवढंच, की मी बूट घेऊन घरी जातेय आणि आप्पांचं प्लास्टर काढतात आणि आत पाय काळा पडलेला आहे. मी घेतले म्हणून. मी हात पुढे केला नाही. त्या बाईची दया आली म्हणून सोडले असं मी पुढे कितीदा लोकांना सांगितलं, ते खोटं आहे. मी घाबरले. ज्या गोष्टीवर घरातल्या सगळ्यांशी भांडले तीच मी मानत होते.

"माझे नाहीत," मी म्हटलं.

तिनं बूट परत पायात घालायला घेतला, तर जीभ आत दुमडली. ती बाहेर ओढताना तिला शाई दिसली. "हितं कायतरी लिवलंय. तुला वाचाया येतंय न्हवं?"

"रत्ना," मी वाचलं.

"कोन गं ही रत्ना?"

"कुणास ठाऊक."

मुकादमानं हाक मारली, तिनं चुंबळ नीट केली, घमेलं उचललं आणि चालायला लागली. बुटांतले पाय सैल होते, नाड्या मागे फरफटत होत्या. सोडलेल्या वहाणेकडे मागे वळून बघायचं नसतं, पण मी बघत उभी राहिले, ती जिना चढून दिसेनाशी होईपर्यंत.

प्लास्टर निघालं, पाय बरा निघाला. दोन बोटं वाकडी राहिली, बाकी ठीक. फुईनं गल्लीत गूळ वाटला आणि प्रत्येक घरी सांगितलं की बूट सोडले तेव्हाच फरक पडायला लागला. मी कोणत्या तोंडानं भांडणार? शाळेत हेतलनं विचारलं, बूट कुठे गेले, तर मी म्हटलं, फाटले. तिच्या बुटांत मी करून दिलेल्या नाड्या दहावीपर्यंत होत्या. पी.टी.ला मी पुन्हा मागच्या रांगेत. आप्पा पहिल्या दिवशी पाळीवर निघाले तेव्हा मी त्यांच्या मागे खात्यापर्यंत गेले आणि म्हटलं, आता तरी बूट घाला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, हात हलवून जाऊ दे म्हटलं, आणि खात्याच्या दारात स्लिपरा काढून अनवाणीच आत गेले. पुढची सतरा-अठरा वर्षं तसेच जात राहिले.

मी नोकरीला लागल्यावर सगळ्यांत आधी बूट घेतले, आणि तेव्हापासून साडीखालीसुद्धा बूटच घालते. लोक गुडघेदुखी समजतात, समजू देत. प्रत्येक नव्या जोड्याच्या जिभेवर मी बॉलपेननं नाव लिहिते, मराठीत, दोन्हीकडे. बहिणीच्या नातीला ते दिसलं तेव्हा ती खूप हसली. आजी, कोण चोरणार आहे तुझे शूज? चोरायचा प्रश्न नाही. कोणीतरी एकदा ते वाचावं आणि विचारावं, कोण गं ही रत्ना. उत्तर तयार ठेवलंय. तीस वर्षं होत आली, अजून कोणी विचारलं नाही.